मरकुसचा जामीन

रायपुरात माझ्या अडचणीला दोन माणसं धावून आली. एक एस्तेरकाकू सोनटक्के आणि दुसरा मरकुस. काकू गुढियारीत रेल्वेलाइनच्या अंगाला राहतात. पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कोणालाही विचारा, घरापर्यंत आणून सोडतील. मरकुसचा पत्ता मात्र मला देता येणार नाही. तो रोमचा. तिथल्या बादशहाच्या फौजेत शिपाई होता, येशूवर विश्वास बसला म्हणून तुरुंगात पडला, आणि या गोष्टीला शेकडो वर्षं झाली. त्यातही तो खरा नव्हेच, काकूंच्या एका कादंबरीतला. तरी माझ्यावर उपकार करणाऱ्यांत त्याचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. त्याच्यासाठी ठरलेला वकील मला मिळाला आणि त्याच्यासाठी रांधलेली कोंबडी मी खाल्ली.

मी गजानन, भंडाऱ्याकडचा. दहावीच्या बोर्डाची इतकी धास्ती घेतली की नववीतच शाळा सोडून दिली. मग शाळा सोडली याची धास्ती घेतली. गावच्या एका माणसाच्या ओळखीनं रायपूरला उरला नावाच्या कारखान्यांच्या भागात काम मिळालं, धर्मकाट्यावर. धर्मकाटा म्हणजे भरलेले ट्रक तोलायचा मोठा वजनकाटा. इकडे त्याला तसंच म्हणतात. मी फोनवर आईला तेवढाच शब्द सांगितला आणि बूथवाल्याचं मीटर पळत होतं म्हणून फोन ठेवला. आईनं गावभर सांगितलं, "आमचा गजू धरमाच्या कामाले लागला." पुढच्या फोनला शेजारच्या आजीनं प्रसाद मागितला.

खोलीचं जमेना. एकट्या पोराला कोणी ठेवत नव्हतं. काकूंकडे मागची एक खोली रिकामी आहे असं कळलं म्हणून गेलो. दारातच उंच, सडपातळ बाई, पांढरी साडी, नाकावर एक चष्मा आणि डोक्यावर दुसरा. भिंतीवर रेल्वेच्या गार्डाच्या कपड्यातल्या एका गृहस्थांचा फोटो, हातात गुंडाळलेली झेंडी. ते दिवंगत सोनटक्केसाहेब. काकूंनी मला गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, भाड्याचंही बोलल्या नाहीत. विचारलं ते हे :

"शिंव्हाचं भेव वाटते का तुले?"

मी म्हटलं, "काकू, मले सगळ्याचंच भेव वाटते."

"मंग चालते. ज्याले भेव वाटत नाही त्याले गोष्ट सांगाले मजा नाही."

खोली मिळाली. अट एकच : संध्याकाळी शिफ्टवरून आलो की चहा प्यायचा आणि एक प्रकरण ऐकायचं.

काकूंच्या कपाटात एक फळीभर कादंबऱ्या होत्या, सगळ्या जुन्या रोमच्या आणि पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या. काही हिंदीत, काही मराठीत. त्यातल्या मराठीची भाषा मोठी अवघड. "हे पाषाणहृदयी अधिपते" असं कोणीतरी कोणालातरी म्हणायचं आणि मला पुन्हा बोर्डाची धास्ती भरायची. पण काकू तसं वाचतच नसत. डोळे पुस्तकावर ठेवून त्या तिथल्या तिथे त्याचं गुढियारीत भाषांतर करत. अधिपती म्हणजे कलेक्टर. शंभर सैनिकांचा नायक म्हणजे जमादार. सिंह सोडायची ती गोल जागा म्हणजे ग्राउंड. आणि ख्रिस्ती लोक ज्या भुयारात लपून प्रार्थना करत, ते अंडरग्राउंड.

"मंग कलेक्टर म्हणते," काकू वाचत, "काबे मरकुस, बादशहाच्या पुतळ्यापुढं चिमूटभर धूप टाकाले तुह्या बापाचं काय जाते? चिमूटभरच त हाय. कोण पाहून रायलं?"

"मग?" मी विचारी.

"सांगीन. घाई काय हाय?"

हे त्यांचं पालुपद. लाइट गेली, नळाला पाणी आलं नाही, गॅसचा सिलिंडर संपला, की "घाई काय हाय?" एकदा माझ्या पायावर त्यांच्या हातून पाटा सुटला तेव्हाही तेच म्हणाल्या. मी मात्र घाईत होतो.

नवं राज्य होऊन रायपूर राजधानी झालं होतं. सदर बाजारात जाल तर चपलांचं दुकान राजधानी, सलून राजधानी, राजधानी कुल्फी. रस्ते खणलेले. लोक उरात हवा भरून चालायचे. काकूंना मात्र काळजी. लाल दिव्याची गाडी रेल्वेफाटकात अडकून भोंगा वाजवू लागली की त्या दारात येऊन कमरेवर हात ठेवून बघत.

"पाय गजू, राजधानी झाली. आता शिंव्ह येतीन."

शेजारची छत्तीसगढी बाई भांडी घासता घासता म्हणे, "हव काकी." तिला वाटे, प्राणिसंग्रहालय होणार आहे.

मी एकदा धीर करून म्हटलं, "काकू, या सगळ्या पुस्तकात तेच तर हाय. एक गुलाम पोट्टी, एक अकडू शिपाई, जेल, आणि शेवटी कोणी तरी कोणाले तरी माफ करते."

"तुही माय रोज भाजीले फोडणी देते ना? तू म्हणतं का, काल बी फोडणीच होती?"

त्या चष्मा बदलून म्हणाल्या, "अन् तेच नाही हाय. पाय, इथं काय लिहिलं हाय. मरकुस थरथरते. पुढं उभा रायते, नाही म्हणते, अन् थरथरते. मले हेच आवडते बेटा. न भेणारे लोक पिक्चरमधी असतात. थरथरत थरथरत बी नाही म्हणता येते. देव थरथर मोजत नाही."

मरकुसचं पुस्तक निळ्या पुठ्ठ्याचं. काकूंचं सगळ्यांत लाडकं. मी राहायला गेल्यापासून तेच दोनदा झालं, आणि दोन्ही वेळेला एकाच जागी थांबलं. मरकुस कोठडीत, उद्या सकाळी निकाल. इथे काकू पुस्तक मिटत. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलं प्रकरण, मरकुस पुन्हा फौजेत भरती. मी एकदा गुपचूप बघितलं, तर शेवटचं प्रकरण पुस्तकात नव्हतंच. तिथे नुसता भुरकट, वाळवीनं कुरतडलेला काठ होता. "पुढं काय झालं?" असं विचारलं तर "सांगीन, घाई काय हाय?" मला वाटलं, वय झालं, विसरल्या असतील.

बुधवारी काकूंच्या घरी प्रार्थना असे. नाना ठिकाणची मंडळी, म्हणून सगळं हिंदीत. मी हिंदू, पण चहाच्या कपबशा मांडायला मदत करायचो आणि कोपऱ्यात बसायचो. काकूंनी मला कधी "तू आमच्यातला हो" म्हटलं नाही. "तू तुह्या देवाले सांग, मी माह्या देवाले सांगतो. दोघं मिळून पाहून घेतीन," एवढंच. शेवटी ज्यानं त्यानं कोणासाठी प्रार्थना हवी ते सांगायचं. कोणाचा गुडघा, कोणाची बदली. काकू मनातल्या मनात करत. पण त्या वर्षी नवे तरुण पाद्रीसाहेब आले. त्यांनी नियम केला, मोठ्यानं सांगायचं.

काकू म्हणाल्या, "मरकुस के लिए. जेल में है बेचारा. कुछ नहीं किया उसने, बस झूठ नहीं बोला."

आता हिंदी बायबलात मरकुस हे नाव आहे, आणि इकडच्या ख्रिस्ती वस्तीत ते ठेवतात. कोणालाच नवल वाटलं नाही.

"कौन से जेल में, दीदी?" पाद्रीसाहेबांनी हळू आवाजात विचारलं.

काकू खोटं बोलत नाहीत. "राजधानी के," त्या म्हणाल्या.

राजधानी म्हणजे अर्थात आपली. सगळ्यांनी च्च च्च केलं आणि मरकुससाठी अशी प्रार्थना केली की बाहेर मालगाडी गेली तीही ऐकू आली नाही. मी कपबशा हातात घेऊन उभा. सांगावं तर काकूंचा अपमान, न सांगावं तर पोटात गोळा. मी न सांगणं पसंत केलं. गोळा माझ्या ओळखीचा होता.

पुढच्या बुधवारी डबे आले. जेलमध्ये पोचवा म्हणून कोणी लोणचं आणलं, कोणी चादर. एक्का दीदी नावाच्या थोराड बाई कोंबडी करून आणते म्हणाल्या. आणि तिग्गा वकील उठून उभे राहिले. हे नवीन वकील, खटले कमी, उत्साह फार.

"दीदी, केस मैं लड़ूंगा. फीस नहीं लूंगा. अंदर कब से है?"

"बहुत साल हो गए."

"और फैसला?"

"फैसला तो आया ही नहीं."

वकीलसाहेब लाल झाले. "इतने साल! बिना फैसले के! दीदी, अब तो हाईकोर्ट भी अपना है, बिलासपुर में. मैं ऊपर तक जाऊंगा!"

काकूंचे डोळे पाणावले. मला आजही वाटतं, त्या क्षणी त्यांना खरंच वाटलं असावं की बिलासपूरला काहीतरी होईल.

तिसऱ्या बुधवारी वकील आले ते वकालतनामा टाइप करून, पण चेहरा पडलेला. "दीदी, मैं जेल जाकर आया. वहां मरकुस नाम का कोई है ही नहीं."

"तिथं कसा भेटन?" काकू घाबरून मराठीत बोलून गेल्या. मग हिंदीत म्हणाल्या, "वो तो छब्बीसवें पाठ में है ना," आणि निळं पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं.

वकीलसाहेब उभ्याचे बसले. पाद्रीसाहेब म्हणाले, "मतलब हम लोग इतने दिन से..."

काकू गोंधळल्या होत्या, पण कशानं ते त्यांना कळत नव्हतं. "आप लोगों ने मन से किया था ना?" त्यांनी विचारलं.

"हां, किया तो मन से."

"तो फिर?"

एक्का दीदी मांडीवरचा डबा घट्ट धरून म्हणाल्या, "और ये मुर्गी?"

"गजू खाएगा," काकू म्हणाल्या.

गजूनं खाल्ली. कोंबडी उत्तम होती.

यानंतर थोड्याच दिवसांनी काट्यावर ते झालं. काट्याचे मालक सेठजी, त्यांचा भाचा मधूनमधून येऊन बसायचा. एका दुपारी सळयांचा ट्रक काट्यावर उभा असताना तो माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "भैया, पर्ची में वजन थोड़ा बढ़ा दो. थोड़ा सा ही तो है. कौन देखता है?"

चिमूटभर धूप! माझ्या डोळ्यांपुढे कलेक्टर उभा राहिला. मी काही फार सच्चा माणूस आहे असं नाही. पण संध्याकाळी घरी जाऊन काकूंसमोर चहा प्यायचा होता, आणि नेमकं तेच प्रकरण चालू होतं.

"नहीं होगा भैया," मी म्हटलं. आवाज बकरीसारखा निघाला.

तो हसला आणि बाहेर गेला. मी जेवायला उठलो तेव्हा त्यानं स्वतःच पावती फाडली, खाली माझी सही ठोकली आणि ट्रक सोडला. माल घेणाऱ्यानं दुसऱ्या काट्यावर वजन केलं, ते कमी भरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पोलीस आले. पावतीवर नाव माझं. "चलो, पूछताछ करनी है," एवढंच म्हणाले, वाईट कोणी बोललं नाही. ठाण्यातल्या बाकावर बसवलं. पण माझं मन जेलमध्ये जाऊन, म्हातारं होऊन, गावी परतलंसुद्धा होतं. आई कोणाला काय सांगेल? धरमाच्या कामाला लागलेलं पोर ठाण्यात! आता रायपूर संपलं आणि गावात तोंड दाखवायला जागा नाही, हे माझ्या मनात पक्कं झालं.

काट्यासमोरच्या चहावाल्यानं काकूंच्या शेजारी फोन केला असावा. कारण ऊन उतरायच्या आत ठाण्याच्या दारात दोन ऑटो थांबले आणि त्यातून बुधवारची अख्खी प्रार्थना उतरली. पुढे काकू, दोन्ही चष्मे डोक्यावर. मागे पाद्रीसाहेब. एक्का दीदी डबा घेऊन. आणि तिग्गा वकील, काळा कोट, हातात तोच टाइप केलेला वकालतनामा. त्यातलं मरकुस खोडून पेनानं वर गजानन लिहिलेलं.

"इसके घरवाले कौन हैं?" हवालदारानं विचारलं.

"हम," सगळे एकदम म्हणाले. हवालदारानं एक्का दीदींकडे पाहिलं, मग पाद्रीसाहेबांकडे, मग माझ्याकडे, आणि पुढे विचारलं नाही.

काकू माझ्याशेजारी बाकावर बसल्या. "थरथरून रायला?"

"हो काकू."

"नाही म्हटलं होतं ना त्याले?"

"म्हटलं होतं."

"मंग झालं. थरथर आता निवांत. घाई काय हाय?"

वकीलसाहेबांनी इतक्या दिवसांचा साठलेला जोर माझ्यावर काढला. "मेरे मुवक्किल को वर्षों से..." अशी सुरुवात झाली, पाद्रीसाहेबांनी कोट ओढल्यावर "दोपहर से" अशी दुरुस्ती झाली. मग त्यांनी मला कोऱ्या कागदावर सही करायला लावली. माझी सही नववीची. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं सुट्या अक्षरांत, वर रेघ मारलेली. पावतीवरची सही म्हणजे नुसता शेपटीचा झटका. ठाणेदार हसू आवरत म्हणाले, "ये इसका नहीं है." सेठजींना बोलावणं गेलं, भाच्याला खरं बोलावं लागलं आणि दिवेलागणीला मी सुटलो. ती नोकरी मी सोडली. बुधवारच्याच मंडळींतल्या एकाच्या ओळखीनं उरल्यातच दुसऱ्या काट्यावर लागलो. आईच्या लेखी धर्मकार्य अखंड चालू राहिलं.

परतताना ऑटोत काकू म्हणाल्या, "पाहिलं? प्रार्थना वाया जात नाही बेटा. पत्ता कधी कधी चुकते."

तेव्हापासून ती सगळी मंडळी मला मरकुस भैया म्हणतात.

हे उपकार फेडायचे कसे, याची मला नवी धास्ती लागली. साडी घेतली तर काकू ती शेजारणीला देणार. मिठाई त्या खात नाहीत. विचार करता करता सुचलं : शेवटचं प्रकरण. ते पुस्तक कुठेतरी अख्खं असेलच की. सदर बाजारातल्या रद्दीवाल्यांकडे विचारलं, चर्चच्या कपाटात शोधलं. शेवटी गावाहून परतताना वाट वाकडी करून नागपूरला गेलो आणि तिथल्या फुटपाथवर, स्पर्धा परीक्षांच्या गठ्ठ्याखाली, निळा पुठ्ठा दिसला. शेवट शाबूत.

रायपूरच्या गाडीत खिडकी मिळाली. मी ते सव्विसाव्यानंतरचं प्रकरण वाचलं. अवघड मराठी होतं, बोट ठेवून ठेवून वाचलं. डोंगरगडच्या आधी मरकुसचा निकाल लागला. राजनांदगाव येईपर्यंत मी बाहेर बघत बसलो.

घरी आल्या आल्या काकूंच्या हातात पुस्तक दिलं. त्यांनी ते उलटं धरलं, मागून अंगठ्यानं पानं चाळली. तिथे पानं आहेत हे कळलं आणि अंगठा थांबला.

"तू वाचलं?"

"हो. काकू, मरकुस..."

"चूप!" इतक्या जोरात की शेजारीण भांडी सोडून उभी राहिली. "तोंड उघडशीन त खोली खाली कर."

मी पांढराफटक. काकू खुर्चीत बसल्या. पुस्तक मांडीवर, नजर भिंतीवरच्या फोटोकडे.

"वाचाचे ते," त्या म्हणाल्या. "मी सैपाक करो अन् ते वाचो. ड्युटीवर बी पुस्तक नेत. गार्डाच्या डब्यात बसून पुढचं वाचून टाकलं त्याईनं. शेवट त्यायले माहीत झाला, मले नाही. मी म्हटलं, सांगा ना, सुटते का नाही? तर झेंडी काखेत धरून दारात उभे. म्हणे, आल्यावर सांगीन. घाई काय हाय?"

बाहेर गाडीनं शिटी दिली. ती जाईपर्यंत त्या थांबल्या.

"ड्युटीवर असतानाच गेले. पुस्तक पेटीत टाकलं, वर्षभर पेटी उघडाची हिंमत नाही झाली. उघडली तवा शेवटचं प्रकरण उधईनं वाचून टाकलं होतं."

"म्हणूनच तर आणलं काकू."

"बम चांगलं केलं. पण बेटा, मी वर जाईन तवा ते भेटतीन. आधीच कमी बोलणारा माणूस. मले शेवट आधीच माहीत असला त बोलतीन काय ते माह्याशी? त्यायच्यापाशी एवढी एकच गोष्ट रायली हाय सांगाले."

त्यांनी पुस्तक माझ्या हातात परत दिलं. "हे तू ठेव. उधई लागू देऊ नको. अन् चहा ठेव आता."

ते पुस्तक माझ्या पेटीत आहे, डांबराच्या गोळ्या घालून. दर बुधवारी काकू डोळे मिटून म्हणतात, "मरकुस के लिए, जेल में है." आता सगळ्यांना ठाऊक आहे तो कोण, तरी एक्का दीदी हुंदका देतात आणि वकीलसाहेब मूठ आवळतात. त्याचं काय झालं ते त्या खोलीत एकट्या मला माहीत असतं. मी सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हणतो.

एवढ्यानं फिटत नाही, हे मला कळतं. पण काकू, तुमचं देणं मी फेडणार आहे, एक ना एक दिवस. फेडीन. घाई काय हाय?